अण्णांनी पाहिलेली बरोसाची बाग

गेल्या जुलैमध्ये माझे वडील, अण्णा, पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला माझ्याकडे राहायला आले. पहिल्या आठवड्यात समुद्रकिनारा, बाजार, देऊळ, नदीकाठ असे सगळे दाखवून झाले. त्यांनी ते सौजन्याने पाहिलेही; पण मन कुठे रमले आहे असे दिसेना. एका सकाळी चहा पिताना त्यांनी विचारले, "इथं द्राक्षं कुठं होतात?" निफाड तालुक्यात आमची पाच एकरांची बाग आहे आणि अण्णांनी ती चाळीस वर्षे स्वतः सांभाळली आहे, त्यामुळे हा प्रश्न येणार हे मी ओळखायला हवे होते. अण्णा माळकरी आहेत. वाइनचा थेंबही त्यांच्या ओठांना कधी लागलेला नाही आणि लागणारही नाही. म्हणून नऊ वर्षे इथे राहूनही मी त्यांच्याशी बरोसा या जवळच्या, वाइनच्या द्राक्षांच्या खोऱ्याविषयी फारसे बोलले नव्हते. ती चूक त्या दिवशी माझ्या ध्यानात आली, कारण अण्णांना वाइन पाहायची नव्हती, वेल पाहायची होती.

बरोसा खोरे ॲडलेडच्या ईशान्येला साधारण 70 किलोमीटरवर आहे. खोऱ्यातली सपाट, तांबूस जमीन आणि तिच्या पूर्वेला असलेला, अधिक उंचीवरचा आणि अधिक थंड असा ईडन व्हॅलीचा भाग मिळून 'बरोसा' हे नाव पूर्ण होते. जुलै म्हणजे इकडचा ऐन हिवाळा. वेलींवर एकही पान नसते आणि छाटणी चालू असते. गाडी तानुंडा गावाच्या जवळ आली तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलच्या मैल काळ्या, वाकड्या, बोडक्या खोडांच्या ओळी दिसू लागल्या. अण्णा काच खाली करून बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मंडप कुठाय?" वेली चढवायला मंडप नव्हता. पुष्कळ ठिकाणी तारही नव्हती. कंबरेएवढी झुडपे एकेकटी, आपापल्या खोडावर उभी होती.

माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे मामा तानुंडाच्या उत्तरेला द्राक्ष पिकवतात. त्यांचे वय 78 आहे आणि त्यांच्या घराण्याची ही सहावी पिढी. त्यांच्या परवानगीने आम्ही त्यांच्या शेतावर गेलो होतो. फाटकाजवळच त्यांनी आम्हाला थांबवले. एका उथळ प्लास्टिकच्या टबात ब्लीचचे पाणी होते. आम्ही बुटांचे तळवे ब्रशने घासून त्या पाण्यात मिनिटभर पाय ठेवले, तेव्हा कुठे आत पाऊल टाकता आले. अण्णांना हे विचित्र वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांना ते मुळीच विचित्र वाटले नाही. "कीड आहे का मातीत?" एवढेच त्यांनी विचारले, आणि म्हातारबुवांना त्यांचा प्रश्न मी सांगितल्यावर ते म्हणाले की कीड नाही, आणि येऊ नये म्हणूनच हे सारे.

ती कीड म्हणजे फायलोक्झेरा. वेलीच्या मुळांतला रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून युरोपात गेली आणि फ्रान्समधल्या बहुतेक बागा तिने संपवल्या. पुढे युरोपने अमेरिकन वेलींच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, आपल्या जातींची कलमे बांधून द्राक्षशेती पुन्हा उभी केली. ऑस्ट्रेलियात ती 1877 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात, जीलाँगजवळ सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र 1899 मध्येच स्वतंत्र कायदा करून बाहेरून वेली, काड्या आणि माती आणण्यावर कडक बंधने घातली आणि तेव्हापासून आजपर्यंत ही कीड या राज्यात शिरलेली नाही. म्हणूनच बरोसातल्या जुन्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आमच्या निफाडला खारवट पाणी आणि दुष्काळ यांच्यावर उतारा म्हणून आम्ही डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम बांधतो. बिनखुंटाची बाग अण्णांनी त्यांच्या तरुणपणी पाहिली होती, त्यानंतर नाही. इथे ती त्यांना पुन्हा दिसली आणि तिचे वय ऐकून ते गप्प झाले.

ओळीच्या टोकाला एका गंजलेल्या पत्र्यावर रंगाने लिहिले होते: 1889.

त्या ओळीतल्या एका वेलीपाशी अण्णा बसले. खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावले नसते. मध्यभागी ते पोकळ झाले होते आणि एका बाजूने इतके उघडे पडले होते, की आरपार पलीकडची माती दिसत होती. जिवंत भाग म्हणजे उरलेली जाड साल आणि तिच्या आतला चार बोटे रुंदीचा पट्टा. तरीही त्या पट्ट्यातून वर पाच-सहा हात फुटले होते आणि प्रत्येकावर गेल्या हंगामाच्या तांबूस, पेन्सिलीएवढ्या काड्या होत्या. अण्णांनी सालीवरून हात फिरवला, एक काडी वाकवून तिची लवचीकता पाहिली आणि तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, मोजले. मग त्यांनी म्हातारबुवांना विचारले, "किती डोळ्यांवर छाटता?" मी भाषांतर करायच्या आधीच म्हातारबुवांनी दोन बोटे वर केली. त्यानंतर पुढचा अर्धा तास माझी फारशी गरज पडली नाही.

आमच्याकडे बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, कारण आमच्या हवेत वेल कधी पूर्ण झोपतच नाही. इथे थंडी तिला झोपवते, म्हणून छाटणी एकदाच. आमच्याकडे थॉमसनच्या बागेतून एकरी दहा-बारा टन माल निघाला नाही तर हिशेब बसत नाही आणि बारा-पंधरा वर्षांत बाग थकली की आम्ही ती काढून नवी लावतो. या 1889 च्या शिराझ वेली (शिराझ ही लाल वाइनची जात) चांगल्या वर्षीही एकरी जेमतेम टनभर देतात, दुष्काळी वर्षी त्याहूनही कमी. पण मण्यांचा आकार लहान, साल जाड आणि रस दाट असतो. खोल गेलेल्या मुळांमुळे बेताच्या पावसावर, कोणतेही पाणी न देता, या वेली पीक देतात. अशा द्राक्षांची वाइन दाट आणि दीर्घकाळ टिकणारी होते आणि म्हणून तिला मोल येते. तरीसुद्धा हे मोल अलीकडचे आहे. शतकभराहून अधिक काळ या वेली कोणी राखल्या आणि का राखल्या, हे समजून घ्यायचे असेल तर खोऱ्यात वस्ती केलेल्या कुटुंबांकडे पाहावे लागते.

हे खोरे मुळात पेरामांक, नगाजुरी आणि काउर्ना या आदिवासी समाजांचे. त्यांची भूमी बळकावून 1836 मध्ये ब्रिटिशांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन केली. कर्नल विल्यम लाइट यांनी स्पेनमधल्या 1811 च्या एका लढाईवरून खोऱ्याला नाव दिले आणि त्या नावाच्या स्पेलिंगमध्ये झालेली चूक तशीच राहून 'बरोसा' हे रूप रूढ झाले. त्याच सुमारास प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन ख्रिस्ती पंथांवर एकच प्रार्थनापद्धती लादली होती. ती न मानणारे सायलेशिया प्रांतातले आणि आसपासचे जुने ल्यूथरन शेतकरी पास्टर (धर्मगुरू) कावेल यांच्या मागे 1838 पासून जहाजांनी इकडे येऊ लागले. जॉर्ज फाइफ अँगस या धनाढ्य इंग्रजाने त्यांच्या प्रवासासाठी पैसे पुरवले. 1842 मध्ये बेथनी आणि त्याच्या पाठोपाठ लँगमिल ही खेडी वसली. लँगमिल म्हणजे आजच्या तानुंडा गावाचाच एक भाग. ही माणसे श्रद्धेसाठी देश सोडून आलेली, कर्ज डोक्यावर असलेली आणि एकमेकांना धरून राहणारी होती. घर, चर्च, फळझाडे आणि थोड्या वेली असा त्यांच्या शेताचा आराखडा असे. गंमत म्हणून नव्हे, जगण्यासाठी त्यांनी द्राक्ष लावले.

त्या पहिल्या लागवडीतल्या काही वेली अजून उभ्या आहेत. लँगमिलमध्ये ख्रिश्चियन ऑरिक्ट यांनी 1843 मध्ये लावलेली शिराझची बाग ही जगातल्या सर्वांत जुन्या जिवंत शिराझ बागांपैकी एक मानली जाते. ती मध्यंतरी अगदी दुर्लक्षित अवस्थेत होती आणि 1996 मध्ये लिंडनर कुटुंबाने आपल्या भागीदारांसह ती बाग आणि तिथली वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याची जागा, ताब्यात घेऊन पुन्हा उभी केली. या कुटुंबाची एक गोष्ट अण्णांना मी दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. तानुंडा गावात घरे बांधण्यासाठी एका जुन्या बागेवर बुलडोझर फिरणार होता. तेव्हा 2006 च्या सुमारास लिंडनरांनी तिथल्या शतकाहून जुन्या वेलींच्या काही ओळी मुळांसकट उपटून नदीकाठच्या आपल्या जमिनीत नेऊन लावल्या आणि त्यातल्या बहुतेक जगल्या. अनाथ झालेल्या वेली म्हणून त्या तुकड्याला 'ऑर्फन बँक' असे नाव पडले. टर्की फ्लॅट नावाच्या दुसऱ्या बागेत 1847 च्या वेली आहेत. ती शुल्झ कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हे लोक पूर्वी खाटकाचा धंदा करीत आणि त्यांच्या वाइनचे विक्रीघर आजही त्या जुन्या दगडी दुकानातच आहे.

या खोऱ्यात वेलीच्या वयाला नुसते 'जुनी' म्हणून भागत नाही. यलुम्बा वायनरीने सुरुवात करून 2009 मध्ये बरोसाच्या संघटनेने वयाप्रमाणे पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: 35 वर्षांपुढची ती 'जुनी', 70 पुढची 'तगलेली', 100 पुढची 'शतायुषी' आणि 125 पुढची 'पूर्वज'. शेवटचा शब्द अण्णांना फार आवडला. "पूर्वज," असे त्यांनी दोनदा म्हटले.

म्हातारबुवांचे 1889 चे शेत या शेवटच्या पायरीत बसते, पण 1986 मध्ये ते जवळजवळ संपले होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पांढऱ्या वाइनची लाट आली, लाल द्राक्षाला गिऱ्हाईक उरले नाही आणि माल वेलीवरच सुकू लागला. तेव्हा राज्य सरकारने वेली उपटण्याची योजना आणली. जो शेतकरी बाग उपटेल त्याला भरपाई मिळणार होती. योजना वाईट हेतूने आणलेली नव्हती. कर्जात बुडालेल्या, वय झालेल्या शेतकऱ्यांना तिने हातात रोख पैसे दिले. पण सर्वांत आधी उपटल्या गेल्या त्या सर्वांत कमी उत्पन्न देणाऱ्या, म्हणजेच सर्वांत जुन्या वेली. शंभर वर्षांच्या शिराझ, ग्रेनाश आणि मातारो या जातींच्या बागा साखळी लावून ट्रॅक्टरने ओढल्या गेल्या आणि ओळीच्या टोकाला ढीग करून पेटवल्या गेल्या. म्हातारबुवा सांगत होते की त्यांच्या शेजारच्या शेतातला ढीग तीन दिवस धुमसत होता. त्यांच्या वडिलांनी अर्ज भरला होता, सहीदेखील केली होती. मग रात्री जेवताना आजीने एवढेच विचारले, की ही बाग आपण लावली का? तो अर्ज नंतर टपालात पडलाच नाही.

हा अर्ज टपालात पडता तर काय झाले असते, हे मनात आले की मला अजूनही अस्वस्थ वाटते. ताळेबंदात ती बाग तोट्याची होती आणि त्या वर्षीचा ताळेबंद बरोबरच होता. वेलीला पूर्ण रंगात यायला जितका काळ लागतो तितका काळ ताळेबंद वाट पाहत नाही, आणि वाट पाहणारे जे कोणी असते ते बहुधा घर असते. हे म्हणताना कुटुंबांच्या मालकीविषयी मला भाबडेपणा करायचा नाही. भाऊबंदकी, वाटण्या आणि कर्ज इथेही आहेत, आणि ते पुढे येईलच.

त्या पडत्या काळात कुटुंबांना आणखी एका माणसाने तारले. पीटर लेमन हे पास्टरचे चिरंजीव, 1930 मध्ये अँगस्टन गावी जन्मलेले. सतराव्या वर्षी ते यलुम्बात कामाला लागले आणि पुढे सॉल्ट्रम या वायनरीचे मुख्य वाइन-निर्माते झाले. दरवर्षी ते शेकडो शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेत आणि व्यवहार बहुतेक हातात हात देऊन होत असे, कागद नसे. मागणी कोसळल्यावर मालक कंपनीने त्यांना शेतकऱ्यांची खरेदी थांबवायला सांगितले. लेमन यांनी शब्द दिलेला होता. त्यांनी भांडवलदार शोधले आणि कंपनीला आढेवेढे न घेता सांगून ती द्राक्षे स्वतंत्रपणे घेतली. पुढे 1979 मध्ये आपली स्वतःची संस्था काढली आणि तीच 1982 पासून त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांच्या वजनकाट्याच्या खोलीत हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतकऱ्यांची वर्दळ असे. ट्रॅक्टर काट्यावर चढवायचा, साखर मोजायची आणि मग आत जाऊन सॉसेज आणि पाव खाऊन, एक पेला घेऊन परतायचे. काहीजणांना पैसे मिळायला उशीर झाला, पण मिळाले.

ही हकिकत मी अण्णांना परतीच्या वाटेवर सांगितली. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. आमच्याकडे एका वर्षी बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याने पूर्ण प्लॉटचा माल उचलला होता. आगाऊ रक्कम दिली, बाकीच्यासाठी धनादेश दिला आणि तो वटला नाही. फोन बंद झाला. त्या वर्षी माझ्या शिक्षणाची फी अण्णांनी आत्याकडून उसनी आणून भरली होती, हे मला कित्येक वर्षांनी कळले. त्या दिवशी गाडीत ते फक्त म्हणाले, "काट्यावर बसून वाट पाहणारा माणूस आपल्याला भेटला नाही." नंतर थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्यांची मुलं काय करतात?"

लेमन 2013 मध्ये गेले आणि 2014 मध्ये त्यांच्या नावाची वायनरी दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाच्या कंपनीने, कसेला घराण्याने, विकत घेतली. नाव तेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ईडन व्हॅलीच्या बाजूला गेलो, कारण मला अण्णांना 'हिल ऑफ ग्रेस' दुरून का होईना दाखवायचे होते. केनटन गावाजवळ, माळावर, एका साध्या दगडी चर्चच्या समोर जवळजवळ आठ हेक्टरांची ही बाग पसरलेली आहे. चर्चचे नाव ग्नाडेनबर्ग, म्हणजेच कृपेची टेकडी. बागेचे इंग्रजी नाव हे त्याचेच भाषांतर. 1860 च्या सुमारास निकोलाउस स्टानित्स्की यांनी तिथे पहिल्या वेली लावल्या, आणि त्या तुकड्याला आजही घरात 'आजोबा' म्हणतात. आज ही बाग ज्यांची आहे त्या हेन्श्की कुटुंबाने आपला पहिला व्यापारी हंगाम 1868 मध्ये केला. पण या एका बागेची वाइन वेगळी भरावी हे सिरिल हेन्श्की यांना 1958 मध्ये सुचले, तेव्हा आजूबाजूचे सगळे द्राक्षे एकत्र करून पोर्टसारख्या गोड, जोरकस वाइन करीत होते. एकाच बागेचे नाव बाटलीवर घालायचे हा विचार त्या काळी धाडसाचा होता. आज ही ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत मोलाच्या वाइनांपैकी एक आहे.

सिरिल यांच्यानंतर 1979 पासून त्यांचे चिरंजीव स्टीफन आणि सूनबाई प्रू ही बाग पाहतात. स्टीफन वाइन करतात आणि प्रू वेलींकडे लक्ष देतात. दोघांनी जर्मनीत गाइझेनहाइमला शिक्षण घेतले. प्रू यांनी केलेले एक काम अण्णांना मी विस्ताराने समजावून सांगितले, कारण ते निफाडच्या माणसाला लगेच पटणारे आहे. वेलींचे वय झाल्यावर बाग संपू नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे एकेका वेलीवर लक्ष ठेवले, कोणती चांगली पिकते, कोणती रोगाला बळी पडत नाही, कोणत्या मण्यांची चव उतरते याची नोंद ठेवली आणि मग निवडक वेलींच्या काड्या घेऊन त्यांच्यापासून नवी रोपे केली. म्हणजे ज्या जुन्या वेली आहेत त्यांचीच मुले त्याच मातीत पुन्हा उभी राहतात. 2000 साली पीक मनासारखे आले नाही म्हणून त्यांनी 'हिल ऑफ ग्रेस' काढलीच नाही. एका हंगामाचे उत्पन्न सोडण्याचा तो निर्णय घरातच झाला, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

अण्णा चर्चच्या कुंपणाजवळ उभे राहून त्या ओळी बराच वेळ पाहत होते. आत जायची परवानगी नव्हती आणि त्यांनी मागितलीही नाही.

घराणे टिकवणे सोपे नाही, हे यलुम्बाच्या इतिहासात दिसते. सॅम्युअल स्मिथ हे इंग्लंडच्या डॉर्सेटमधले बिअर बनवणारे. ते अँगस्टनजवळ अँगस यांच्या पदरी कामाला लागले आणि 1849 मध्ये दिवसा त्यांचे काम करून रात्री चांदण्यात स्वतःच्या 30 एकरांवर त्यांनी वेली लावल्या. पुढे सोन्याच्या खाणींत नशीब आजमावून त्यांनी थोडे पैसे आणले आणि जमीन वाढवली. ऑस्ट्रेलियातली कुटुंबाच्या मालकीची सर्वांत जुनी वायनरी म्हणून आज यलुम्बाचा मान आहे. पण त्यामागे सरळ रेषा नाही. पिढ्या वाढल्या, भागधारक वाढले आणि 1989 मध्ये रॉबर्ट हिल-स्मिथ यांनी नातलगांचे हिस्से विकत घेऊन मालकी एका शाखेत आणली. ज्यांनी आपल्या चुलत्यांशी वाटणी केली आहे त्यांना हे वाक्य वाचताना त्यामागचे कष्ट समजतील. यलुम्बाकडे आजही पिंप बनवणारे स्वतःचे कारागीर आहेत, आणि ओकच्या फळ्या आगीवर वाकवताना येणारा भाजलेल्या लाकडाचा वास अण्णांना गूळ कढवण्याच्या चुलाणाची आठवण करून देत होता.

सेपेल्ट्सफिल्डचे उलट आहे. योसेफ सेपेल्ट यांनी 1851 मध्ये ते वसवले. 1878 मध्ये त्यांचे चिरंजीव बेनो यांनी सर्वोत्तम गोड वाइनचे एक मोठे पिंप बाजूला ठेवून ते शंभर वर्षे उघडू नये असे सांगितले आणि त्यानंतर दरवर्षी एक पिंप असेच राखले जाऊ लागले. 1978 पासून प्रत्येक वर्षी शंभर वर्षांपूर्वीची वाइन बाहेर येते. मंदीच्या काळात सेपेल्ट कुटुंबाने कामगारांना घरी बसवले नाही, त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजुराची झाडे लावायला लावली, आणि ती हजारो झाडे आज उंच होऊन त्या रस्त्याची ओळख झाली आहेत. पण 1980 च्या दशकात ही वायनरी कुटुंबाच्या हातातून गेली. बेनोंनी पिंप ठेवले तेव्हा त्यांना माहीत होते की त्यांना ते चाखता येणार नाही. त्यांच्या नातवंडांच्या घरात ते राहणार नाही हे मात्र त्यांना माहीत नव्हते. सध्याचे मालक ही परंपरा पाळतात, ही चांगली गोष्ट आहे.

कुटुंबांनी एकत्र येण्याचा प्रयत्नही केला. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 12 घराण्यांनी एक संघटना काढली, त्यात बरोसातून हेन्श्की आणि यलुम्बा होते. त्या बारांपैकी न्यू साउथ वेल्समधले मॅकविल्यम घराणे 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेले आणि पुढच्या वर्षी ते विकले गेले. शंभर-दीडशे वर्षांचे नाव असले तरी बँक थांबत नाही.

आणि आता पुन्हा तोच प्रसंग आला आहे. चीन हा ऑस्ट्रेलियन लाल वाइनचा सर्वांत मोठा ग्राहक होता. 2020 च्या अखेरीस त्याने ऑस्ट्रेलियन वाइनवर जबर शुल्क लावले, ते काही बाटल्यांवर 218 टक्क्यांपर्यंत गेले, आणि ते मार्च 2024 च्या शेवटी उठले तोवर गोदामे भरून गेली होती. शिराझचा भाव पडला आणि काही ठिकाणी काढणीचा खर्चही निघेना. बरोसात पाचशेहून अधिक द्राक्ष पिकवणारी कुटुंबे आहेत, बहुतेक स्वतः वाइन करीत नाहीत आणि वायनरीने घेतलेल्या मालावरच त्यांचे पोट आहे. म्हातारबुवांच्या एका मोठ्या तरुण प्लॉटला यंदा गिऱ्हाईक मिळाले नव्हते. 1889 च्या ओळींचा माल मात्र कधीच विकून टाकलेला होता. एक छोटी वायनरी, तीही एका कुटुंबाची, तो त्यांच्याकडून गेली तीस वर्षे घेते. त्यांचाही व्यवहार हातात हात देऊन होतो का, असे अण्णांनी विचारायला सांगितले. म्हातारबुवा हसले आणि म्हणाले की आता कागद असतो, पण कागद नंतर येतो.

निघायच्या आधी त्यांनी आम्हाला त्याच ओळीच्या मध्यावर नेले. तिथे एक वेल मेलेली होती, काढून टाकलेली, आणि तिच्या जागी दीड हाताचा मोकळा भाग. शेजारच्या 1889 च्या वेलीची एक लांब काडी त्यांनी छाटताना मुद्दाम ठेवली होती. कुदळीने त्यांनी वीतभर खोल चर खणला, ती काडी न तोडता वाकवून चरात बसवली, टोकाचे दोन डोळे मातीबाहेर ठेवले आणि टोक एका काठीला सुतळीने बांधले. अण्णा उकिडवे बसले होते. "दाब कलम," ते म्हणाले. मी म्हातारबुवांना तो शब्द सांगितला; त्यांनी तो म्हणून पाहिला. आईच्या मुळावरच ही नवी वेल वाढेल, दोन-तीन वर्षांत स्वतःची मुळे धरेल, मग ती मधली काडी कापायची आणि त्यानंतर ती पीक देऊ लागेल.

चरात माती लोटताना म्हातारबुवांची कंबर धरली. अण्णांनी त्यांच्या हातातली कुदळ घेतली, उरलेली माती ओढली आणि बुटाने ती दाबली. ब्लीचने धुतलेले ते बूट तांबड्या मातीने पुन्हा भरले होते. म्हातारबुवांनी खिशातून रंगाची एक लहान डबी आणि काडी काढली, काठीवर त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि तिच्याखाली अण्णांना त्यांचे नाव लिहायला सांगितले. अण्णांनी ते मराठीत लिहिले.